रसदेचा गड

युद्धविषयक विशेषांकाची आखणी चालू असताना पानिपत, खर्डा आणि असई ही तिन्ही नावे माझ्याहून वडील असलेल्या लेखकांनी आधीच उचलली होती, आणि संपादकांचा मला निरोप आला तो एवढाच की, ‘तुम्ही माहूर पाहून या.’ माहुरास एकही नामांकित लढाई झालेली नाही, असे मी त्यांना कळविले. ‘म्हणूनच जा,’ असे उत्तर आले. त्या दोन शब्दांचा अर्थ उलगडायला मला गडावर तीन दिवस काढावे लागले.

किनवटकडून येणारी वाट सागवानाच्या रानातून चढउतार करीत माहुरास पोहोचते, आणि तेथे उतरलेल्या माणसांपैकी बहुतेक सर्व रेणुकेच्या पायऱ्यांकडे, दत्तशिखराकडे किंवा अनसूयेच्या डोंगराकडे निघून जातात. किल्ल्याकडे वळणारा विरळा. लगतच्या दोन डोंगरांना एकाच तटाने कवेत घेणाऱ्या या दुर्गाला रामगड असेही म्हणतात. उत्तरेचा दरवाजा अजून शाबूत आहे; आतील महाल, मशीद, अंबारखाना आणि शस्त्रागार मात्र ढासळत चालले आहेत; आणि या साऱ्यांच्या मध्यभागी, जणू त्या भग्नतेशी आपला काही संबंध नाही अशा स्वस्थपणे, इंजाळा तलावाचे विस्तीर्ण पाणी पसरलेले आहे.

गडाचा लिखित इतिहास मी थोडक्यात सांगतो. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा याने येथील बंडखोर जमीनदाराचा बीमोड केला, आणि अभय दिल्यावरही त्याला हजारो अनुयायांसह ठार केले असे फिरिश्ता लिहितो. पुढे वजीर महमूद गावान याने राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले, व माहूर खुदावंदखान हबशी याच्याकडे आले. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्लेदार थेट सुलतानाच्या हुकमाखाली आणण्याचा गावानचा तो बंदोबस्त दुखावलेल्या सरदारांच्या डोळ्यांत सलत राहिला, आणि १४८१ मध्ये त्यांच्याच कारस्थानाने त्या थोर पुरुषाचा शिरच्छेद झाला. मग बहमनी राज्य फुटले. बीदरचा बरीद, वऱ्हाडचा इमादशहा आणि अहमदनगरचा निजामशहा यांनी माहुरावर आळीपाळीने हक्क सांगितला. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना मिळाले आणि माहूर अकबराच्या दप्तरात एक सरकार म्हणून दाखल झाले. अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत या जागेची जी नोंद केली आहे, तीत डोंगरावरचा बळकट किल्ला आणि जवळचे देवीचे ठाणे यांच्या जोडीला एक मजकूर असा येतो की, येथील म्हशी उत्तम जातीच्या असून अर्धा मण व त्याहूनही अधिक दूध देतात. प्रथम वाचताना ही नोंद मला विषयांतर वाटली होती. आता वाटते की, त्या चतुर कारभाऱ्याने गडाचे मर्म बरोबर हेरले होते.

कारण पुढच्या दोन्ही ठळक प्रसंगांत माहूर रणांगण म्हणून येतच नाही. १६२३ साली बापाविरुद्ध उठलेला शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बिलोचपूरच्या पराभवानंतर बुऱ्हाणपूर सोडून गोवळकोंड्याकडे पळत होता. वाटेत त्याने आपले जादा हत्ती आणि अवजड सामान माहूरच्या किल्ल्यात उदाजीराम या दक्षिणी ब्राह्मण सरदाराच्या स्वाधीन केले आणि हलक्या पावलांनी पुढे मजल मारली. त्याच उदाजीरामाच्या घराण्यातली सून म्हणजे रायबागन सावित्रीबाई. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीच्या दाट रानात कारतलबखानाची मोगल फौज शिवाजी महाराजांनी कोंडली, तेव्हा शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला खानाला देणारी हीच बाई होती, असे कवींद्र परमानंदांनी शिवभारतात वर्णिले आहे. पाणी तुटले आणि वाट तुटली म्हणजे पराक्रमाचे काही चालत नाही, हे माहूरच्या देशमुखिणीला उमजावे यात मला काही आश्चर्य वाटत नाही. जिच्या घरचा गडच साठवणीवर उभा होता, तिला ते उमजायचेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तटावर एक म्हातारा भेटला. रोजंदारीवर झाडोरा काढण्याचे काम करणारा, डोक्याला लाल मुंडासे, हातात कोयता, शेजारी पहार आणि प्लास्टिकच्या डब्यात भाकरी. मी नाव विचारले तर तांड्याचे नाव सांगितले, आणि मग आपण गोरमाटी, म्हणजे तुम्ही ज्याला बंजारा किंवा लमाण म्हणता ते, असे हसून पुस्ती जोडली. त्याने घाणेरीचे एक जाळे कापून बाजूला ओढले, आणि त्यामागे तटाच्या पोटातली एक जंगी, म्हणजे आतून मारा करण्याची झरोक्यासारखी जागा, उघडी पडली. आतून रुंद, बाहेर अरुंद होत गेलेले ते भोक सरळ समोर पाहत नव्हते. म्हाताऱ्याने पहारीचे टोक त्यात घातले तशी ती आपसूक खाली घसरत गेली आणि तिची दिशा उतारावरच्या नेमक्या त्या वाटेवर स्थिरावली, जिथून चढणाऱ्याला यावेच लागेल. “इथं बसलेल्याला वरचं आभाळ दिसत नाही, साहेब,” तो म्हणाला, “फक्त येणारा माणूस दिसतो.”

पण त्याचा जीव जंगीपेक्षा पिंपळात गुंतलेला होता. दोन चिऱ्यांच्या सांध्यात बोटाएवढे एक मूळ शिरले होते. ते ओढून काढायचे नसते. ओढले तर जुना चुना आणि पाठोपाठ चिराही येतो. तो आधी वरचा शेंडा छाटतो, मुळाला वाळू देतो, मग काही दिवसांनी येऊन खिळ्यासारख्या एका लोखंडी सळईने सांधा कोरत कोरत सुकलेले मूळ इंचाइंचाने बाहेर घेतो. “वरून तोडलं की पुढच्या पावसाला पुन्हा येतं. बूड गावलं पाहिजे.” एका मुळाला अर्धी सकाळ गेली. मी शेजारी बसून पाहत राहिलो, आणि एवढ्या निगुतीने काम करणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत, हे मला मनापासून नमूद केले पाहिजे.

भाकरी खाताना त्याने अंबारखान्याकडे मान वळवली. “आमचे लोक लदेणी करत व्हते. असल्या कोठारात धान टाकायचं काम आमचंच.” त्याच्या वाडवडिलांनी नेमक्या याच कोठारात धान्य ओतले की नाही, हे सांगणारा कागद माझ्याकडे नाही, परंतु दख्खनच्या युद्धांचे खरे यंत्र काय होते, याचे उत्तर त्या एका शब्दात होते. लदेणी म्हणजे गोण्या लादलेल्या बैलांचा व्यापारी प्रवास. ज्या काळी सडका नव्हत्या आणि चाकाची गाडी पावसाळ्यात चिखलात रुतून बसे, त्या काळी लाखाच्या फौजेला रोज खायला घालण्याची ताकद कोणत्याही सरकारी खात्यात नव्हती, ती या तांड्यांत होती. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये हिंदुस्थानातून जात असता त्याला वाटेत एकच तांडा आढळला तो १४,००० बैलांचा. वऱ्हाडातील कंबरलेज नावाच्या एका पोलीस अधिकाऱ्याने बंजाऱ्यांची जी परंपरा टिपून ठेवली आहे, तीनुसार शाहजहानचा वजीर आसफखान दख्खनच्या स्वारीवर आला तेव्हा भंगी आणि जंगी या नाईकांकडे १,८०,००० बैल होते, आणि खानाने त्यांना ताम्रपट दिला की, पाणी कोणाच्याही रांजणातले घ्यावे, चारा कोणाच्याही छपरावरचा उपसावा, आणि दिवसाला तीन खून माफ. ताम्रपटाची सत्यता इतिहासकारांनी ठरवावी. पण त्यातली अट मला भेदक वाटते. फौजेची रसद चालावी म्हणून गावकऱ्याच्या घराचे छप्परसुद्धा बैलाच्या तोंडी देण्याची ती परवानगी होती. आणि ती दिली गेली असे सांगतात तो काळ १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाचा. त्या वर्षांत दख्खनवर निजामशाहीचे युद्ध आणि उपासमार दोन्ही एकदम कोसळली होती, आणि गावात उरलेले धान्य फौजेमागे चालत गेले.

१८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पलटणींनाही हेच बंजारे धान्य पुरवीत होते. असई २३ सप्टेंबरला झाली, अडगाव २९ नोव्हेंबरला, गाविलगड १५ डिसेंबरला पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. माहूरच्या तटाने त्यातली एकही तोफ ऐकली नसेल. परंतु नागपूरकर भोसल्यांनी त्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा जो मुलूख सोडला तो निजामाच्या पदरात पडला, इंग्रजी अधिकाऱ्यांची कंटिन्जंट फौज निजामाच्या खर्चाने वाढत गेली, आणि तिच्या थकलेल्या पगारापोटी १८५३ साली डलहौसीने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली घेतले. त्या दिवसापासून गडाखालून वाहणारी पैनगंगा ही हद्द झाली. उत्तरेस इंग्रजी अंमल, कापसाच्या पेठा, आगगाडी. दक्षिणेस निजामाचा मुलूख आणि सागवान. १९०२ मध्ये कर्झनने सालीना पंचवीस लाखांच्या बदल्यात वऱ्हाडचा पट्टा कायमचा करून घेतला. आणि आगगाडी आल्यावर, ज्यांच्या पाठीवर दोन शतके युद्धे चालली ते बैल आणि त्यांचे धनी दोघेही निरुपयोगी ठरले. उद्योग गेलेल्या फिरत्या माणसांवर मग संशय आला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली देशात कित्येक ठिकाणी बंजाऱ्यांची नावे चढली, ती १९५२ त उतरली.

गडाच्या डागडुजीविषयीही मला लिहावयाचे होते, आणि तिच्या अडचणी खरोखर पुष्कळ आहेत: चुना मुरवणारा गवंडी मिळत नाही, पावसाळ्यात रान हातभर वाढते, आणि एका माणसाच्या कोयत्याला मैलोगणती तट पुरून उरतो. परंतु तिसऱ्या दिवशी या अडचणींवर बोलता बोलता म्हातारा स्वतःच्या घराकडे वळला, आणि मला वही मिटता आली नाही.

नदीची ती हद्द १९४७–४८ मध्ये पुन्हा जिवंत झाली होती. रझाकारांच्या भीतीने माणसे रात्री पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जात. उमरखेडसारख्या गावी स्टेट काँग्रेसचे सरहद्दीवरचे कँप होते. म्हाताऱ्याच्या बापाने त्या दिवसांत दोन वेळा नदी ओलांडली, एकदा पाठीवर आजी घेऊन. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज शिरली आणि १७ तारखेला निजामाने शस्त्र ठेवले. तेव्हा किनवट तालुका, आणि त्यातच माहूर, आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भाषेप्रमाणे तो नांदेडकडे आला आणि आदिलाबाद आंध्रात गेले. तांड्यांची भाषा मराठीही नव्हती आणि तेलुगूही नव्हती, तेव्हा ते ज्या बाजूला पडले तिथले झाले. पुढे १९७६ च्या कायद्याने पलीकडच्या लंबाड्यांना अनुसूचित जमातीत घेतले. अलीकडचे बंजारे विमुक्त जातींत राहिले.

म्हाताऱ्याची लेक आदिलाबादकडे दिलेली आहे. “माझ्या नातवाच्या कागदावर एक लिव्हलंय, लेकीच्या पोराच्या कागदावर दुसरं,” तो सांगत होता. “पोहरादेवीला सेवालालच्या जत्रेत दोघं एका ताटात जेवत्यात. कॉलेजात मात्र एकाला जागा हाय, एकाला न्हाई. माझा नातू मला इचारतो, आजा, आपण कोण? त्याला काय सांगू मी?”

मी त्याला देवगावच्या तहापासून सारे सांगू पाहिले. कंटिन्जंटचा पगार, डलहौसी, पैनगंगा, १९५६. त्याने ते शांतपणे ऐकले, मध्ये दोनदा ‘मंग?’ म्हणून पुढचे विचारले. संपल्यावर थोडा वेळ आग्नेयेकडे, सागवानाच्या एकसारख्या रानापलीकडे पाहत राहिला. “म्हंजे हे पगाराच्या पैशावरनं झालं,” तो म्हणाला, आणि सळई उचलून पुढच्या सांध्यापाशी जाऊन बसला. तिथे पिंपळाला दोन नवी पाने फुटली होती. ती त्याने खुडली नाहीत; बोटाने चुना चाचपत मूळ किती खोल गेले आहे, ते पाहू लागला.