लहान धंदा आणि समाजमाध्यमांचा आठवडा

खेडोपाडीं भरणाऱ्या आठवड्याच्या बाजाराचें बळ कशांत असतें, याचा विचार केला तर एक साधी गोष्ट लक्षांत येते. त्या बाजारांतील माल कांहीं अपूर्व नसतो. परंतु बाजाराचा वार ठरलेला असतो. मंगळवारचा बाजार मंगळवारींच भरणार, या खात्रीवर पंचक्रोशींतील माणसें आपापलीं कामें बेतानें उरकून घेतात, आणि किती माल आणावयाचा याचा अंदाज विक्रेताही आदल्या दिवशीं बांधूं शकतो. ठरलेला वार गिऱ्हाइकाच्या जितक्या सोयीचा, तितकाच विक्रेत्याच्याही हिताचा असतो.

शहरांतील कित्येक लहान धंदे आज दुकानाच्या फळीवर न मांडतां फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या समाजमाध्यमांवर मांडले जातात. तेथें भाडें नाहीं, आणि फळ्या उघडण्या-मिटण्याची वेळही नाहीं. नेमकी ही दुसरी गोष्टच पुष्कळांना बाधते. दुकान कधींच मिटत नसल्यामुळें चालकाचें चित्तही कधीं मोकळें होत नाहीं. उत्साहाच्या भरांत एका दिवसांत पांच छायाचित्रें टाकावींत, मग पंधरा दिवस मौन धरावें, आणि सण तोंडावर आला कीं पुन्हां घाईनें हांका मारूं लागावें, असा प्रकार सर्रास दिसतो. यावर उपाय म्हणजे आठवड्याचें वेळापत्रक. मात्र तें माध्यमाची भूक पाहून आखण्यापेक्षां धंद्याचा स्वतःचा आठवडा पाहून आखावयास हवें.

उदाहरणादाखल घरगुती खाद्यपदार्थांचा धंदा घ्यावा. पुण्यांत किंवा ठाण्यांत एखादी गृहिणी थालिपिठाची भाजणी, मेतकूट, चिवडा आणि पुरणपोळ्या करून विकते, असें समजूं. मदतीला एक बाई, शेगडी एकच. शुक्रवारीं पदार्थ करावयाचे आणि शनिवारीं ते घरोघर पोंचवावयाचे, असा तिचा रिवाज. तेव्हां गुरुवारीं सायंकाळीं सहा वाजतां मागणी बंद झालीच पाहिजे. कारण डाळ-गूळ किती आणावयाचा, हें त्यानंतरच ठरतें. हा गुरुवार म्हणजे वेळापत्रकाचा खुंटा होय. बाकीचे वार त्याला धरून लावावयाचे.

सोमवारीं सकाळीं त्या आठवड्याच्या पदार्थांची यादी, वजन आणि भाव द्यावेत. भाव न सांगतां 'विचारणा करावी' एवढेंच लिहिण्याची जी रीत पडली आहे, ती सोडून द्यावी. प्रत्येक विचारणेच्या उत्तराला लागणारा वेळ शेवटीं स्वयंपाकाच्या वेळांतूनच वजा होतो. बुधवारीं कामाची एखादी बाजू दाखवावी. भाजणीचीं धान्यें एकत्र न भाजतां निरनिराळीं कां भाजावीं लागतात, पुरण झालें हें कसें ओळखावें, असें कांहीं. ही विक्रीची हांक नव्हे. पण माल चांगला कां, या प्रश्नाचें उत्तर तींतच असतें. गुरुवारीं सकाळीं दोन ओळींची आठवण: मागणी आज सहा वाजतां बंद. शनिवारीं निघालेल्या डब्यांचें छायाचित्र, अथवा एखाद्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय, अर्थात त्याची परवानगी घेऊन. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार या दिवशीं कांहींच प्रसिद्ध करूं नये. शुक्रवारीं तर कढईपुढें उभ्या असलेल्या हातानें फोन घेऊंच नये.

हे चार मजकूर कोठें द्यावयाचे, हें ठरविण्यासाठीं माध्यमांचा स्वभाव जाणणें अवश्य आहे. इन्स्टाग्राम २०१० सालीं निघालें, तेव्हां ताजा मजकूर आधीं व जुना मागाहून, असा सरळ क्रम असे. २०१६ सालीं तो बदलण्यास आरंभ झाला, आणि पाहणाऱ्याला काय रुचेल याचा अंदाज बांधून यंत्रच मजकुराची निवड करूं लागलें. परिणाम असा कीं, गुरुवारीं सकाळीं दिलेली सूचना एखाद्यास शुक्रवारीं किंवा शनिवारीं दिसते. तोंवर मागणी बंद झालेली असते, आणि गिऱ्हाईक हिरमुसतें. यास्तव मुदतीचा मजकूर आणि टिकाऊ मजकूर असा भेद करावा. भाजणीची माहिती चार दिवसांनीं दिसली तरी शिळी होत नाहीं. तिची जागा इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर. मुदतीची सूचना मात्र व्हॉट्सॲपवरून थेट धाडावी, आणि जोडीला चोवीस तासांनीं आपोआप नाहींशा होणाऱ्या 'स्टोरी'त ठेवावी. व्हॉट्सॲपवर अनेकांची यादी करून एकच निरोप धाडला, तर ज्यांनीं विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्यें नोंदवून ठेवला आहे त्यांनाच तो पोंचतो. म्हणून प्रत्येक डब्यावर 'हा क्रमांक नोंदवून ठेवावा' अशी चिठी डकविणें, हाही या योजनेचाच एक भाग समजावा. ज्यांची संमति आहे त्यांनाच निरोप जावा, आणि नको म्हणणाऱ्याचें नांव तत्काळ यादींतून काढावें.

रोज नवें सुचेल या भरंवशावर वेळापत्रक चालत नाहीं. शुक्रवारच्या कामाचीं छायाचित्रें मदतनीस बाईकडून खिडकीच्या उजेडांत काढवून घ्यावींत, आणि रविवारीं दुपारीं दोन तास बसून चारही मजकूर लिहून काढावेत. फेसबुक व इन्स्टाग्राम या दोहोंची चालक असलेल्या मेटा कंपनीच्या विनामूल्य साधनांत, आधीं लिहून ठेवलेला मजकूर ठरल्या वेळीं आपोआप प्रसिद्ध होण्याची सोय आहे. २०१८ सालीं निघालेल्या 'व्हॉट्सॲप बिझनेस'मध्यें मालाची यादी मांडतां येते, नेहमींच्या प्रश्नांचीं उत्तरें तयार ठेवतां येतात आणि गैरहजेरीचा निरोप लावतां येतो. उत्तरें देण्यासाठीं दुपारची एक व संध्याकाळची एक अशा दोन वेळा राखाव्यात. आजारपणासाठीं दोन-तीन टिकाऊ मजकूर शिलकेंत असावेत.

जोडीला एक वही ठेवावी. तींत वार, मजकूर, आलेल्या विचारणा आणि प्रत्यक्ष मागणी असे चार रकाने पुरेत. पसंतीच्या खुणा किती पडल्या, हें पाहून मन सुखावतें. पण पिठाची गिरणी त्यावर चालत नाहीं. चार आठवडे नोंद झाल्यावर जो मजकूर कधींच मागणी आणीत नाहीं तो बदलावा, आणि एका वेळीं एकच बदल करावा. नाहींतर गुण कशाचा, हें कळणार नाहीं.

वेळापत्रकाची खरी परीक्षा दिवाळींत होते. एका शेगडीवर साठ घरांचा फराळ होत असेल, तर एकसष्टावी मागणी आली त्या दिवशीं 'नोंदणी पूर्ण' असें लिहावें, आणि पुढील दिवसांसाठीं लावून ठेवलेले विक्रीचे मजकूर काढून घ्यावेत. हें जिवावर येतें, कारण हांकेला ओ मिळत असतांना गप्प राहणें कोणत्याही विक्रेत्यास अवघडच. तथापि शंभर मागण्या घेतल्या, चकल्या घाईंत तळल्यामुळें मऊ पडल्या आणि डबे भाऊबीज उलटल्यावर पोंचले, तर वर्षभर नेमानें मिळविलेली पत चार दिवसांत जाते. ज्यांना नकार द्यावा लागला त्यांचीं नांवें वहींत लिहून ठेवावींत, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारीं नवी यादी सर्वांआधीं त्यांना धाडावी.