पागोळ्यांचे पाणी, अंगणाची माती
कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस झाला की १०,००० लिटर पाणी पागोळ्यांवाटे अंगणात उतरते. धूप सुरू होते ती तिथेच. वळचणीखाली चर पडतो, भिंतीवर तांबडे शिंतोडे उडतात, आणि उताराला लागलेले पाणी एकवटून घळ पाडते.

पागोळीखाली जांभ्याच्या कपऱ्या किंवा खडी पसरली की थेंबांचा मारा मोडतो. पन्हळ असेल तर तिचे पाणी जोत्यापासून लांब, माडाच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात सोडावे. उताराला आडवी वाळ्याची ओळ लावावी. त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जाऊन माती धरून ठेवतात. पाचोळा झाडून अंगण लख्ख ठेवण्याची हौस पावसाळ्यात महागात पडते, कारण उघड्या मातीवरच पावसाचा मारा बसतो.

कोरडा रचलेला गडगा फटींतून पाणी निथळू देतो. तोच सिमेंटने लिंपला, की मागे पाणी तुंबून दाब वाढतो आणि एखाद्या मुसळधार रात्री भिंत ढासळते. पक्की भिंत बांधायचीच असेल, तर तिच्या तळाशी ठरावीक अंतरावर पाइपांची भोके ठेवावीत आणि मागे खडी भरावी.