आजीच्या खोलीला आतून कडी आहे?

वृद्धाश्रम म्हणायचं नाही हं आता! 'सीनिअर लिव्हिंग' म्हणायचं. ब्रोशर एकदम चकाचक : फिजिओथेरपी, गरम पाणी, वाय-फाय, रविवारी भजन. पुण्यात बसून दरमहा ईएमआयसारखं आजीचं पॅकेज भरलं की आपण मोकळे. रात्री तिच्या खोलीत कोण येतं, आणि त्या माणसाची चौकशी कोणी केली, हे मात्र त्या गुळगुळीत कागदावर कुठेच नसतं.

'या वयाच्या बाईवर कोण हात टाकणार?' असं आपण धरूनच चालतो. हात टाकणारा वय बघत नाही, तो बघतो की ही ओरडू शकते का, आणि ओरडली तर कोणी विश्वास ठेवेल का. अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळ्या झालेल्या बाईची आंघोळ, डायपर सगळं परक्या हातात. तिने काही सांगितलंच तर उत्तर तयार, 'आजींना भास होतात.'

अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही लोकांना बघता येते. तरीही २००६ मध्ये तिथल्या सरकारी हिशेबतपासनीस संस्थेला नर्सिंग होम आणि तत्सम संस्थांमध्ये असे नोंदणीकृत सुमारे ७०० गुन्हेगार राहताना आढळले. आपल्याकडे अशी राष्ट्रीय यादी २०१८ मध्ये सुरू झाली. पण ती फक्त पोलीस यंत्रणेला दिसते, वृद्धाश्रमाच्या मॅनेजरला नाही.

माझी एक मैत्रीण भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीची. आजी पडली, खुबा मोडला, घरी बघायला कोणी नाही. म्हणून आम्ही तिघी नागपुरात एक 'होम' बघायला गेलो. मैत्रीण एसीचं विचारत होती, मी जेवणाचं. आजीने एकच विचारलं, "खोलीले आतून कडी लावता येते का?" मॅनेजर म्हणाले, नाही, पडल्या तर दार कसं उघडणार? मुद्दा बरोबर होता. आजी म्हणाली, "मंग राती कोन येते?" "अटेंडंट असतो." मैत्रिणीने मान वर केली. "असतो की असते?"

असतो. एकटाच.

सानगडीवरून लाखांदूरकडे गेलेला रस्ता पुढे देसाईगंजला, म्हणजे वडशाला जातो. तिथल्याच पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री मथुरा प्रकरण घडलं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातला बलात्कार म्हणजे फक्त पोलीस कोठडीतला नव्हे. हॉस्पिटल आणि महिलांच्या संस्थेतले कर्मचारीही त्यात आले. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४(२) मध्ये हे सगळं आहे, शिवाय विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरचा माणूसही. किमान शिक्षा १० वर्षं. (आजोबांचं काय? बलात्काराच्या व्याख्येत पुरुष पीडित बसतच नाहीत!)

गुन्हा घडण्याआधीचं मात्र ढिलं आहे. वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान निकष लावू पाहणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर न होताच सतराव्या लोकसभेबरोबर बाद झालं.

आणि आपल्या ऑफिसातली ती पॉश कमिटी, जिच्या ट्रेनिंगला आपण डुलक्या काढतो? २०१३ चा तो कायदा फक्त नोकरदार बाईसाठी नाही. कामाच्या ठिकाणी त्रास झालेली कुठल्याही वयाची बाई, तिथे नोकरी करत असो वा नसो, तक्रार करू शकते. नर्सिंग होम हे 'कामाचं ठिकाण' म्हणून त्यात नावानिशी आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर संस्थेत कमिटी हवीच, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. आजीला स्वतः जमत नसेल तर नातेवाईक किंवा मैत्रीणही तक्रार देऊ शकते. मुदत ३ महिने. तेव्हा त्या होममध्ये बिनधास्त विचारा, कमिटीच्या बाईंचं नाव काय?

कर्मचाऱ्यांची पोलीस चारित्र्य पडताळणी झाली का, तेही विचारा. कागद दाखवा म्हणा. भेटायला रविवारी अकरालाच जायचं असं नाही, एखाद्या मंगळवारी रात्री आठला जा. आजी एखाद्याला बघून गप्प झाली, आंघोळीला नको म्हणू लागली, मांडीवर वळ दिसला, तर 'भास' हा शब्द ऐकून परत फिरू नका. आंघोळ घालू नका, चादर धुऊ देऊ नका, ११२ लावा. बलात्कारपीडितेवर लगेच आणि मोफत उपचार करणं, पोलिसांना कळवणं हे सरकारी-खासगी सगळ्याच हॉस्पिटलांना बंधनकारक आहे. ज्येष्ठांची हेल्पलाइन वेगळी, १४५६७.

मैत्रिणीने ते पॅकेज घेतलं नाही. रात्रपाळीला दोन बायका असलेलं ठिकाण तिला पाचव्या फेरीत सापडलं. एसी नाहीये तिथे.