गोशाळेच्या माळावरील मिश्र कुरण : दोन पेरण्यांची हकिकत



गोशाळेमागील माळावर चाऱ्याची पेरणी दोनदा का करावी लागली, आणि त्याच पैशांत कडबा का घेतला नाही, अशी विचारणा काही सभासदांनी वार्षिक सभेत केली होती. प्रश्न रास्त आहे. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे जसे विश्वस्तांचे कर्तव्य, तसेच त्या खर्चामागील विचार सांगणे हेही कर्तव्यच होय. यास्तव हा लेखप्रपंच.

मोठ्या गाईस दिवसाकाठी साधारणपणे २० ते २५ किलो हिरवा आणि ५ ते ६ किलो कोरडा चारा लागतो. कडब्याने पोट भरते; परंतु त्यात प्रथिने फार थोडी असतात. शिवाय पावसाने दगा दिला की कडबा सर्वांनाच हवा असतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्याचे भाव चढतात. म्हणून चाऱ्याचा काही भाग तरी आपल्याच जमिनीत पिकावा, असा निर्णय मंडळाने घेतला.

आपला बेळगाव जिल्हा पावसाच्या बाबतीत मोठा विषम आहे. पश्चिमेस खानापूरच्या जंगलपट्टीत धो धो पाऊस, तर पूर्वेस अथणीकडे कोरडवाहू शिवार. देवस्थानाची जमीन या दोहोंच्या मधली. तांबडी, मुरमाड आणि उताराची. अशा जमिनीत एकाच जातीचे गवत लावले तर एखाद्या वर्षी सर्वच हातचे जाते. गवत, शेंगवर्गीय वनस्पती आणि खोल मुळांच्या औषधी वनस्पती एकत्र असल्या, तर पावसाची लहर सर्वांना सारखी बाधत नाही. शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि त्याचा लाभ शेजारच्या गवतासही होतो.

ही कल्पना नवी नाही. म्हैसूर प्रांतात कॉफीचे मळे करणारे रॉबर्ट एलियट यांनी पुढे स्कॉटलंडमधील आपल्या क्लिफ्टन पार्क येथील शेतीवर असे मिश्र कुरण केले आणि १८९८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मिश्रणात चिकोरी होती. आपण कॉफीत मिसळतो तीच. तिची सोटमुळे कठीण जमीन भेदून खाली जातात, असा त्यांचा अनुभव होता. मात्र त्यांचे बियाणे थंड प्रदेशाचे. आपण तत्त्व घ्यावे आणि बी आपल्या हवेला मानवणारे निवडावे, हे उचित. त्यानुसार आम्ही अंजन व मारवेल ही गवते, स्टायलो ही शेंगवर्गीय वनस्पती, बांधावर शेवरी आणि कुंपणालगत शतावरी अशी निवड केली.

पहिली पेरणी २०२३ साली केली आणि ती फसली. त्या वर्षी जून जवळजवळ कोरडा गेला. जुलैच्या आरंभी थोडा पाऊस होताच घाईने सर्व बी एकाच दिवशी, तेही उताराच्या दिशेने फोकून टाकले. अखेरच्या पंधरवड्यातील मुसळधार पावसाने बारीक बी वाहून खालच्या बांधाशी साचले. जे उगवले ते ऑगस्टमध्ये करपले. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच ठरला. तथापि सर्व दोष पावसावर ढकलणे योग्य होणार नाही. घाई आमची होती.

२०२४ साली मृग नक्षत्रापूर्वीच तयारी केली. काय बदलले ते क्रमाने सांगतो.

१) बियाण्याची तयारी. स्टायलोच्या बियाचे टरफल कठीण असते. तसेच पेरले तर थोडेच उगवते. म्हणून ते सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ४ मिनिटे ठेवून मग रात्रभर थंड पाण्यात भिजविले. अंजनाचे ताजे बी सुप्तावस्थेत असते, म्हणून आधीच्या हंगामातील साठविलेले बी घेतले.

२) गोळ्या. अंजनाचे बी तुसाळ व हलके. वाऱ्याने उडते आणि मुंग्याही नेतात. चाळलेली माती, शेण, थोडी वाळू आणि बी पाण्यात कालवून लहान गोळ्या केल्या व सावलीत वाळविल्या. या कामी महिला मंडळाच्या भगिनींनी केलेली सेवा विशेष उल्लेखनीय आहे.

३) पेरणी दोन हप्त्यांत. अर्धे बी मृगात, उरलेले आर्द्रात पाऊस स्थिरावल्यावर पेरले. एक हप्ता फसला तरी दुसरा हाती राहावा, हा हेतू.

४) उतारास आडव्या ओळी. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ दिले नाही, कारण बारीक बियाचा अंकुर खोलातून वर येत नाही. ओळींच्या मधे चवळी टाकली. तिने माती धरून ठेवली आणि पहिल्याच वर्षी थोडा चाराही दिला.

जुलैत पुन्हा जोराचा पाऊस झाला, परंतु या वेळी रोपे टिकली. खालच्या सखल भागात पाणी साचून अंजन मात्र बसले. तेथे मारवेलाने जम धरला. सर्वत्र अंजनच लावले असते तर तो तुकडा उघडा राहिला असता. मिश्र पेरणीचा अर्थ आम्हांस तेथे खऱ्या अर्थाने उमगला.

पहिल्या वर्षी कुरणात एकही जनावर सोडले नाही. गवत कापूनच गोठ्यात आणले. कोवळी मुळे घट्ट होण्याआधी गाई चरल्या तर रोप मुळासकट उपटते. आजही कापणी जमिनीपासून चार-पाच बोटे वर ठेवून होते. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे लागते, आणि घाणेरी तर गुरांना विषारी असल्याने तिचा समूळ नाश करणे आवश्यक आहे.

या कुरणाने कडब्याचा खर्च संपलेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उन्हाळ्यात आजही कडबा विकत घ्यावा लागतो, परंतु पूर्वीपेक्षा कमी. कुरण एकदा बसले की दरवर्षी नव्याने पेरावे लागत नाही, विरळ जागी बी टाकले की पुरते. दुसऱ्या पेरणीचा खर्च आम्ही या दृष्टीने योग्य मानतो. पहिल्या पेरणीचे नुकसान मात्र आमच्या घाईचे होते आणि ते आम्ही मान्य करतो.

भाविकांस एक नम्र विनंती. सणासुदीस आपण श्रद्धेने गाईंसाठी भात, पोळ्या व गोडधोड आणता. असे शिजविलेले व पिठूळ अन्न एकदम जास्त पोटात गेले तर गाईच्या पोटात आम्ल वाढते आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. वसुबारसेस नैवेद्याचा एक घास अवश्य द्यावा; उरलेली सेवा हिरव्या चाऱ्याच्या पेंडीच्या रूपाने करावी. मृगाआधी बियाण्याच्या गोळ्या वळण्यासाठी हातांचीही गरज असते. ज्यांस सवड असेल त्यांनी तेव्हा गोशाळेत यावे. ही सेवाही श्रींच्या चरणी रुजू होते.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ