युनिक्समधील ‘-एफ’ लॉगिन त्रुटी

युनिक्स व तिच्या धर्तीवरील संगणक प्रणालींमध्ये वेळोवेळी आढळलेली ‘-एफ’ लॉगिन त्रुटी ही एक गंभीर सुरक्षात्रुटी होय. या त्रुटीमुळे दूरच्या संगणकावरून येणाऱ्या व्यक्तीला पासवर्ड न देता, केवळ सदस्यनावाच्या जागी विशिष्ट मजकूर पाठवून, दुसऱ्याच्या खात्यात प्रवेश मिळत असे. काही प्रणालींत तर ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचेच दार अशा रीतीने उघडत असे. ही त्रुटी १९९४ साली एआयएक्स व लिनक्समध्ये, २००७ साली सोलारिसमध्ये आणि २०२६ साली जीएनयू इनेटयुटिल्स या संचात उघडकीस आली. तिची जवळची भावंड म्हणता येईल अशी एक त्रुटी २०१९ साली ओपनबीएसडीत सापडली. दुरुस्ती बहुतेक वेळा अगदी लहान होती. तरीही तीच चूक बत्तीस वर्षांच्या काळात वेगवेगळ्या हातांनी पुनःपुन्हा केली.

या लेखातील आज्ञा व अक्षरे सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीत टंकली जातात.

पार्श्वभूमी

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. एकाच संगणकावर अनेकांनी काम करावे, ही कल्पना या प्रणालीच्या मुळाशी असल्याने आत येणारा कोण आहे हे ओळखणे आवश्यक ठरले. हे काम ‘लॉगिन’ नावाची एक छोटी आज्ञावली करते. ती नाव विचारते, पासवर्ड विचारते आणि दोन्ही जुळल्यास खाते उघडून देते. पुढे जाळ्यावरून दूरच्या संगणकाशी जोडणी करण्याची सोय झाली, तेव्हा टेलनेट व आरलॉगिन या सेवा आल्या. बाहेरून आलेली जोडणी या सेवा स्वीकारतात. मात्र पासवर्डची तपासणी त्या सहसा स्वतः करीत नाहीत, ते काम लॉगिनकडे सोपवतात. ही कामाची विभागणी शहाणपणाचीच होती.

काही वेळा आगंतुकाची ओळख आधीच दुसऱ्या मार्गाने पटलेली असते, उदाहरणार्थ केर्बरॉस या प्रमाणीकरण पद्धतीने. मग त्याला पुन्हा पासवर्ड विचारण्यात अर्थ नसतो. यासाठी लॉगिनमध्ये ‘-एफ’ हा पर्याय ठेवला गेला. ‘-एफ’ व त्यापुढे नाव असे लिहिले की लॉगिन समजते, ‘या व्यक्तीची ओळख पटलेली आहे, पासवर्ड विचारू नये.’ हा पर्याय कोणीही वापरू नये म्हणून एक अटही होती: सांगणारी आज्ञावली रूटच्या अधिकाराने चाललेली असेल, तरच लॉगिन तिचे ऐकते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यातील वाचकाला ही व्यवस्था वन विभागाच्या तपासणी नाक्यावरून सहज समजेल. इमारती लाकूड घेऊन निघालेल्या ट्रकजवळ वाहतूक परवाना असतो आणि ओंडक्यांवर हातोड्याची खूण असते. आगारात माल मोजून तपासला गेला आहे, याची ती साक्ष होय. नाकेदार प्रत्येक ओंडका नव्याने मोजीत नाही, कारण खूण करणाऱ्या अधिकाऱ्यावर त्याचा विश्वास असतो. आता अशी कल्पना करावी की, नाक्यावरील नोंदवहीत चालकाने स्वतःच्या नावाच्या रकान्यात ‘माल तपासला आहे, जाऊ द्यावे’ असे लिहिले आणि पुढच्या नाकेदाराने ते वरिष्ठांचा शेरा म्हणून वाचले. ‘-एफ’ त्रुटीत नेमके हेच घडते.

त्रुटीचे स्वरूप

मराठीत वाक्यातील शब्दाचे काम विभक्तिप्रत्ययावरून कळते. ‘वाघाने गाईला पाहिले’ आणि ‘गाईला वाघाने पाहिले’ या दोन वाक्यांत शब्दांचा क्रम बदलला, तरी पाहणारा कोण याविषयी शंका राहत नाही. युनिक्सच्या आज्ञेला असे प्रत्यय नाहीत. आज्ञेपुढे आलेल्या शब्दांपैकी जो डॅशने सुरू होतो तो पर्याय, म्हणजे सूचना, आणि बाकीचे शब्द नावे, एवढाच संकेत तेथे असतो. शिवाय पर्याय आणि त्याला लागणारे नाव जोडून लिहिण्याचीही मुभा असते. त्यामुळे ‘-एफरूट’ हा एकच शब्द ‘-एफ’ अधिक ‘रूट’ असा फोडून वाचला जातो.

टेलनेटची सेवा बाहेरून आलेले सदस्यनाव लॉगिनच्या आज्ञेत जसेच्या तसे शेवटी जोडत असे. नाव साधे असेल तर काही बिघडत नाही. परंतु पाठवणाऱ्याने नावाच्या जागी ‘-एफरूट’ पाठवले, की लॉगिनला ते नाव म्हणून दिसतच नाही. ती सूचना ठरते. टेलनेटची सेवा रूटच्या अधिकाराने चालत असल्याने वर सांगितलेली अटही आपोआप पूर्ण होते. येथे पासवर्ड फोडला जात नाही, चोरला जात नाही; तो विचारलाच जात नाही. लॉगिन आपल्या नियमाप्रमाणे वागते, टेलनेटही आपल्या समजुतीप्रमाणे वागते. दोष त्या दोघांच्या मधल्या जागेत असतो, आणि म्हणूनच एकेक आज्ञावली सुटी वाचणाऱ्याच्या तो नजरेतून निसटतो.

१९९४: एआयएक्स व लिनक्स

अमेरिकेतील सर्ट या संगणक सुरक्षा केंद्राने मे १९९४ मध्ये याविषयी सूचनापत्र काढले. आयबीएमची एआयएक्स ३ ही प्रणाली आणि त्या काळातील लिनक्स यांना या त्रुटीची बाधा होती. हल्ल्याचा मार्ग आरलॉगिनमधून जात असे. दुरुस्ती बसवेपर्यंत आरलॉगिनची सेवा बंद ठेवावी, असा तात्पुरता उपाय सुचवला गेला. पुढे नव्या आवृत्त्या आल्या आणि हे प्रकरण जुन्या सुरक्षाग्रंथांतील उदाहरण होऊन राहिले.

२००७: सोलारिस

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीची सोलारिस १० ही प्रणाली २००५ च्या आरंभी बाजारात आली. फेब्रुवारी २००७ मध्ये तिच्या टेलनेट सेवेत हीच त्रुटी असल्याचे जाहीर झाले (सीव्हीई-२००७-०८८२). ही माहिती कंपनीला आधी कळवून, दुरुस्तीला अवधी देऊन प्रसिद्ध केलेली नव्हती. कृती एका ओळीची होती आणि ती कोणालाही करून पाहता येण्यासारखी होती. सोलारिस ९ व त्याआधीच्या आवृत्त्यांत हा दोष नव्हता, ही त्यातील विशेष लक्षणीय बाब. जुने घर शाबूत होते. नव्या बांधकामात खिडकी उघडी राहिली.

सोलारिसच्या मूळ मांडणीत रूटला जाळ्यावरून थेट प्रवेश नसे. ही जुनी खबरदारी येथे कामाला आली, पण अर्धीच. ‘एडीएम’, ‘एलपी’ यांसारखी प्रणालीची अंतर्गत खाती तशीच उघडी राहिली. फेब्रुवारीच्या अखेरीस याच दोन खात्यांतून शिरणारा एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारी घातक आज्ञावली, जाळ्यावर फिरू लागला. तोपर्यंत सनची दुरुस्ती उपलब्ध झालेली होती. जेथे ती बसवलेली नव्हती आणि टेलनेट चालू होते, तेथेच वर्मला वाव मिळाला.

दुरुस्तीचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. आज्ञेत दोन डॅश एकत्र लिहिले, की ‘येथे सूचना संपल्या, यापुढे जे येईल ते नावच समजावे’ असा युनिक्सचा जुना संकेत आहे. टेलनेट सेवेच्या मूळ संहितेत सदस्यनावाच्या अगोदर हे दोन डॅश घातले गेले. त्यानंतर ‘-एफरूट’ पाठवले, तरी लॉगिन त्या विचित्र नावाचा सदस्य शोधते आणि तो न सापडल्याने प्रवेश नाकारते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर गहाळ झालेला प्रत्यय जागेवर बसवला गेला.

२०१९: ओपनबीएसडी

सुरक्षिततेबद्दल अत्यंत काटेकोर समजल्या जाणाऱ्या ओपनबीएसडी प्रणालीत डिसेंबर २०१९ मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी याच जातीची त्रुटी दाखवून दिली (सीव्हीई-२०१९-१९५२१). येथे अक्षर ‘एफ’ नव्हते. सदस्यनावाच्या जागी ‘-एसचॅलेंज’ असे लिहिले, की पासवर्ड तपासणारी आज्ञावली तपासणी न करताच होकार देत असे. टपालसेवेसारख्या काही सेवांतून तिचा गैरफायदा घेता येत होता. एसएसएच ही सेवा मात्र स्वतःच्या अतिरिक्त तपासण्यांमुळे बचावली. आधी खासगीरीत्या कळवल्यामुळे ओपनबीएसडीच्या विकासकांनी ४० तासांच्या आत दुरुस्ती तयार केली. डॅशने सुरू होणारे सदस्यनाव दारातच नाकारणे, हा तिचा मुख्य भाग होता. दोन डॅशांचा उपाय एका आज्ञेपुरता असतो. नाव दारातच नाकारल्याने पुढच्या सर्व आज्ञांचे रक्षण होते. त्यामुळे दोन्ही उपाय एकत्र वापरणे अधिक चांगले.

२०२६: जीएनयू इनेटयुटिल्स

जानेवारी २०२६ मध्ये जीएनयू इनेटयुटिल्समधील टेलनेट सेवेत मूळ ‘-एफ’ त्रुटी जशीच्या तशी आढळली (सीव्हीई-२०२६-२४०६१). २०१५ साली निघालेल्या १.९.३ पासून २.७ पर्यंतच्या आवृत्त्या तिच्या कक्षेत येत होत्या. म्हणजे मूळ संहिता सर्वांना वाचण्यास खुली असूनही सुमारे अकरा वर्षे ती कोणाच्या लक्षात आली नाही. खुली संहिता म्हणजे तपासलेली संहिता नव्हे, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते. या वेळी बाहेरून येणारे नाव लॉगिनकडे देण्यापूर्वी गाळून घेण्याची दुरुस्ती करण्यात आली.

भारतातील संदर्भ

एआयएक्स व सोलारिस ही नावे महाराष्ट्राला परकी नाहीत. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९८ साली सिद्ध केलेला ‘परम १००००’ हा महासंगणक सन कंपनीच्या अल्ट्रास्पार्क यंत्रांवर उभारलेला होता, तर त्यानंतरच्या ‘परम पद्म’साठी आयबीएमची यंत्रे वापरली गेली. त्या यंत्रांना या त्रुटीची बाधा झाली, असा याचा अर्थ नव्हे.

भारतात अशा त्रुटींविषयी सूचना देण्याचे काम २००४ साली सुरू झालेली सर्ट-इन ही केंद्रीय संस्था करते. ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे.

दुर्गम भागात दुरुस्तीचा प्रश्न निराळ्या रूपात येतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा संपर्क तुटतो, हा नेहमीचा अनुभव आहे. अशा ठिकाणच्या संगणकापर्यंत दुरुस्तीसंच उशिरा पोहोचणे स्वाभाविक आहे. मात्र टेलनेटची सेवा बंद करण्यास जाळ्याची गरज नसते. सोलारिस १० मध्ये ते एका आज्ञेचे काम होते, आणि लिनक्सवरही ते तितकेच सोपे आहे. टेलनेटमधून पासवर्डही उघड्या रूपात जातो, तेव्हा ही त्रुटी नसती तरी ती सेवा बंद करून एसएसएच वापरणेच इष्ट होते. जुनी जाळे-उपकरणे, छपाईयंत्रे आणि कारखान्यांतील नियंत्रण यंत्रे यांत टेलनेट अद्याप चालू असलेले आढळते. तेथे एसएसएचची सोय नसल्यास निदान बाहेरच्या जाळ्यावरून त्या यंत्रापर्यंत पोहोचता येणार नाही, अशी तजवीज करावी लागते.

२०११ साली स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील, किंवा अन्य कोठल्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ही त्रुटी प्रयोग म्हणून पाहायची असल्यास स्वतःच्या संगणकावर, जाळ्यापासून तोडलेल्या आभासी यंत्रात जुनी आवृत्ती बसवून ती पाहता येते. दुसऱ्याच्या यंत्रावर परवानगीवाचून असा प्रयत्न करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ चा भंग ठरतो. तो अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.