हायलंडी पाइपसंगीत : मुखपरंपरा आणि स्वरलेखन

स्कॉटलंडच्या हायलंड प्रदेशातील पाइपसंगीताचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. ‘क्योल मोर’ अथवा पीब्रॉक हे महासंगीत होय; ‘क्योल बेग’ या लघुसंगीतात लष्करी कूचगीते व नृत्याच्या धुना मोडतात.

या संगीताचे स्वरूप वाद्याच्या घडणीने ठरविले आहे. सूरनळीतून केवळ नऊ स्वर निघतात व तीन आधारनळ्या अखंड सूर धरतात. नाद लहानमोठा करता येत नाही, किंवा मध्येच थांबविताही येत नाही. त्यामुळे एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवावयाचा झाल्यास मध्ये सूक्ष्म कणस्वर घालावा लागतो. पीब्रॉकमध्ये ‘उर्लर’ ही संथ मूळ धून प्रथम येते. पुढील आवर्तनांत कणस्वरांचे गुंफण वाढत जाते आणि अखेरीस वादक पुन्हा उर्लरवर येतो.

ही विद्या ‘कांटरख्क’ नामक गेय अक्षरांच्या द्वारे मुखोद्गत केली जाई. तबल्याच्या बोलांप्रमाणे हे अक्षरसमूह स्वर व कणस्वर दोन्ही सुचवितात. कोलिन कॅम्बेल याच्या इ. स. १७९७ च्या हस्तलिखितात ही पद्धती आढळते. मात्र कोणता स्वर किती लांबवावा, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. ते गुरूच्या गायनातूनच घ्यावे लागे. त्यापूर्वी जोसेफ मॅक्डॉनल्ड याने या वादनावर शास्त्रग्रंथ रचला होता. कंपनीच्या सेवेसाठी हिंदुस्थानात आलेला हा तरुण इ. स. १७६३ मध्ये येथेच निवर्तला, ग्रंथ इ. स. १८०३ मध्ये प्रसिद्ध झाला.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य स्वरलिपीतील संग्रह निघू लागले. या लिपीत प्रत्येक स्वराला निश्चित कालमान द्यावेच लागते. परिणामी संपादकाने स्वीकारलेली एक वादनरीती सर्वमान्य पाठ ठरू लागली. इ. स. १७८१ मध्ये फॉल्कर्क येथे आरंभ झालेल्या स्पर्धांच्या परंपरेत पुढे छापील पाठाला प्रमाणत्व आले आणि पाठभेद हा दोष गणला जाण्याचा धोका निर्माण झाला.

कूचगीतांची गोष्ट वेगळी आहे. इ. स. १८५४ मध्ये हायलंडी पलटणींतील पाइपवादकांना अधिकृत मान्यता मिळाली. अनेक वादकांनी एकाच पदन्यासाला अनुसरून वाजवावयाचे, तेथे एकरूपता हाच गुण होय. म्हणून निश्चित मात्रांचे लेखन तेथे उपकारक ठरले.

तात्पर्य, जे साधन लघुसंगीताला पोषक ठरले, त्यानेच महासंगीताची लवचिकता संकुचित केली. यास्तव पीब्रॉकच्या अभ्यासकाने छापील पाठ हा अंतिम निर्णय न मानता अनेक साक्षींपैकी एक साक्ष मानावा, आणि हस्तलिखिते व मुखपरंपरा यांच्याशी तो ताडून पाहावा, हेच युक्त होय.