घरातलं गोदाम

कॉटन ग्रीन स्टेशनला उतरलं की कॉटन एक्स्चेंजची हिरवी इमारत दिसते, आणि आसपास गोदामं. कापसाचा बाजार १९२०च्या दशकात कुलाब्याहून इकडे आला. गाठी एकदा येऊन पडायच्या आणि मागणी येईल तशा बाहेर निघायच्या. आमच्या कपाटावर ठेवलेला जुना लॅपटॉप आता हेच काम करतो. त्याला मीडिया सर्व्हर म्हणतात.

निमित्त होतं बाबांच्या मिनी-डीव्ही कॅसेटचं. एक तासाची कॅसेट संगणकावर उतरवली की जवळपास १३ जीबी होते. त्यातल्या एकीत आजी मोदकाची पारी वळताना दिसते. हे सगळं कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या भरवशावर ठेवायला मन तयार होईना.

लॅपटॉपवर जेलीफिन टाकलं. २०१८मध्ये एम्बी या सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर. त्याला डीएलएनए या उपकरणांच्या ओळख-पद्धतीची जोड दिली की जुना स्मार्ट टीव्हीसुद्धा सर्व्हर ओळखतो. टीव्ही घरातल्या नेटवर्कवर २३९.२५५.२५५.२५० या ठरलेल्या पत्त्यावर हाक देतो, "मीडिया सर्व्हर कोणी आहे का?" लॅपटॉप ओ देऊन आपला पत्ता कळवतो. पुढे फाइल तुकड्या-तुकड्यांनी येत राहते, पूर्ण उतरवून घ्यावी लागत नाही.

मुंबईला ही कल्पना नवी नाही. ८०च्या दशकात इथल्या इमारतींमध्ये एका खोलीत व्हीसीआर लावून घरोघर वायर टाकत आणि रात्री सगळे एकच पिक्चर बघत. तिथे एकच प्रवाह सगळ्यांना जायचा. आता आई टीव्हीवर एक आणि भाचा मोबाइलवर दुसरंच बघतो, प्रत्येकाला स्वतंत्र प्रवाह मिळतो.

खरी मेख मात्र वेगळीच निघाली. कॅसेटचे व्हिडिओ मी एच.२६४ या जुन्या पद्धतीत बदलून ठेवले होते, ते सुरळीत चालायचे. बहिणीच्या फोनवरचं शूटिंग लावलं की लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागायचा आणि चित्र अडखळायचं. फोन एच.२६५ या २०१३च्या पद्धतीने व्हिडिओ दाबून ठेवतो, आणि आमच्या टीव्हीला ती भाषा कळत नाही. मग सर्व्हर दर सेकंदाला २५-३० चित्रं उलगडून पुन्हा जुन्या पद्धतीत बांधतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि जुन्या प्रोसेसरचा त्यात घाम निघतो. असे व्हिडिओ मी रात्री एकदाच बदलून ठेवले. पंखा शांत झाला.

वाय-फायचा प्रश्न सोपा होता. ८ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला ३.६ जीबी ओढतो, आणि जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर ढेपाळतो. भिंतीच्या कडेने साधी नेटवर्क केबल नेली. विजेचं म्हणाल तर सरासरी १० वॉट धरले तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास.

हार्ड डिस्क कधीतरी जातेच. म्हणून दुसरी प्रत मामाकडे गिरगावात ठेवली आहे. हे आधी करा, बाकीचं मागाहून.

मागच्या पावसात आमच्याकडचं इंटरनेट दोन दिवस बंद होतं. पण राउटर चालू होता, त्यामुळे घरातल्या घरात सगळं चालू. आईने टीव्हीवर आजीचा व्हिडिओ लावला आणि मध्ये मध्ये थांबवून, पारीला कळ्या कशा पाडायच्या ते बहिणीला दाखवत बसली.